स्पोर्ट्स कारची डीलरकडची सर्व्हिस : बिल कुठे वाढतं आणि ते आधीच कसं वाचायचं

स्पोर्ट्स कारच्या नियमित सर्व्हिसमध्ये जगावेगळं काही नसतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल, स्पार्क प्लग, वेळ आली की गिअरबॉक्सचं ऑइल, आणि बाकी सगळी तपासणी. साध्या हॅचबॅकच्या यादीतही हेच असतं. तरी बिल कित्येक पटींनी मोठं येतं, आणि त्याची कारणं तीन. ऑइल जास्त लिटर लागतं आणि ठरावीक मान्यतेचंच लागतं. इंजिन अशा जागी बसवलेलं असतं की छोट्या कामासाठीही आधी बरंच काही उघडावं लागतं. आणि गाडी वर्षभरात तीन हजार किलोमीटर चालली तरी सर्व्हिस वर्षाच्या हिशोबाने येतेच.

यातल्या ऑइलवर, ब्रेकवर आणि टायरवर काटकसर करू नये. पैसे वाचतात ते मजुरीच्या तासांत आणि जॉब कार्डवर (करायच्या कामांची यादी, जिच्यावर आपण सही करतो) नकळत चढणाऱ्या जादा कामांत. तेही गाडी रॅम्पवर चढण्याआधी. एकदा सही झाली की घासाघीस फार तर गाडी धुण्याच्या पैशांपुरती उरते.

बिलाची उकल

कोणतंही सर्व्हिस बिल हातात घेतलं की त्याचे चार भाग पाडावेत : मजुरी, पार्ट, ऑइल आणि इतर द्रव, आणि किरकोळ साहित्य. त्यावर कर.

मजुरी समजली की अर्धं बिल समजलं. प्रत्येक कामाला किती वेळ धरायचा हे गाडीची कंपनी ठरवून देते, आणि डीलर त्या ठरलेल्या तासांना आपला ताशी दर लावतो. मेकॅनिकने दोन तासांचं काम सव्वा तासात उरकलं तरी बिलात दोनच तास येतात, आणि तीन तास लागले तरीही दोनच. त्यामुळे दर कमी करा असं म्हणण्यापेक्षा या कामाला किती तास धरलेत हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

इथेच एक गोष्ट नीट पाहावी लागते. दोन कामांसाठी एकच भाग उघडावा लागत असेल, तर उघडण्या-बसवण्याचा वेळ एकदाच धरला पाहिजे. समजा प्लग बदलण्याला अडीच तास आणि एअर फिल्टरला एक तास असा वेळ ठरलेला आहे, आणि दोन्हींसाठी मागचं तेच आवरण काढावं लागतं, ज्याला ०.६ तास जातो. दोन्ही कामं एकत्र केली तर ३.५ नाही, २.९ तास व्हायला हवेत. गाडीखालचं प्लॅस्टिकचं आवरणही असंच : इंजिन ऑइलसाठी एकदा, गिअरबॉक्स ऑइलसाठी पुन्हा एकदा असं ते दोन ओळींत मोजलं जातं. कोणी मुद्दाम फसवतंच असं नाही. संगणकात दोन कामं वेगवेगळी निवडली की दोन्हींचा पूर्ण वेळ आपोआप जोडला जातो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला विचारलं की तो सामाईक वेळ वजा करून देऊ शकतो. विचारलं नाही तर बहुधा कोणी करत नाही.

पार्टच्या किमतीत फारसा वाव नसतो, पण पार्ट नंबर बिलावर असायलाच हवा. नंबरावरून तो भाग कंपनीचाच आहे का आणि आपल्या मॉडेलचाच आहे का, हे दोन्ही कळतं. किरकोळ साहित्य म्हणजे ब्रेक क्लीनर, चिंध्या, ग्रीस, जुनं ऑइल विल्हेवाट लावण्याचा आकार. ही रक्कम कधी ठरावीक असते, कधी मजुरीच्या टक्केवारीत. टक्केवारीत असेल तर मोठ्या सर्व्हिसला ती विनाकारण फुगते. कमाल मर्यादा किती, हे विचारून ठेवावं.

आधी स्वतःचं वेळापत्रक

डीलरकडे फोन करण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमधलं सर्व्हिस वेळापत्रक काढून कागदावर उतरवावं. डीलरने आपल्या सोयीने छापलेलं ‘सुवर्ण पॅकेज’ वगैरे नव्हे. कंपनीचं, आपल्या मॉडेलचं, आपल्या वर्षाचं. एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदललं की प्लगचा कालावधी बदलतो.

प्रत्येक ओळीला दोन मर्यादा असतात : किलोमीटर आणि काळ, जे आधी येईल ते. स्पोर्ट्स कारला बहुतेक वेळा काळ आधी येतो. ढोबळ चित्र असं दिसतं : इंजिन ऑइल आणि फिल्टर वर्षाला किंवा त्या गाडीच्या किलोमीटरनुसार, ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, केबिन फिल्टर एक-दोन वर्षांनी, स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर अनेक गाड्यांत चार वर्षांच्या आसपास, ओल्या क्लचच्या (म्हणजे क्लच ऑइलमध्येच बुडालेले असतात अशा) ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या, गिअरबॉक्सचं ऑइल बऱ्याच ठिकाणी ६०,००० किलोमीटरच्या सुमारास. आपल्या गाडीचे आकडे मात्र मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

काही गाड्यांची पहिली सर्व्हिस फार लवकर येते आणि ती चुकवून चालत नाही. बीएमडब्ल्यूच्या एम मॉडेलना २,००० किलोमीटरला रनिंग-इन सर्व्हिस लागते, तिच्यात इंजिन ऑइलसोबत मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) ऑइलही बदलतात. नव्या गिअरचे दात एकमेकांत बसताना निघालेले धातूचे बारीक कण त्या पहिल्या ऑइलमध्ये असतात, म्हणून.

आता चार वर्षांचा हिशोब मांडायचा. एक तासाची मजुरी म्हणजे एक एकक धरू. समजा छोट्या सर्व्हिसला दोन तास मजुरी, ऑइल-फिल्टरचे अडीच आणि किरकोळ अर्धा, म्हणजे ५ एककं. दुसऱ्या वर्षी त्यात ब्रेक ऑइल आणि केबिन फिल्टर मिळून २ वाढले : ७. तिसऱ्या वर्षी पुन्हा ५. चौथ्या वर्षी ७ अधिक प्लगची अडीच तास मजुरी, प्लगचे दीड, एअर फिल्टरचा १ : एकूण १२. चार वर्षांचे २९, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वासात. आपल्या डीलरचे खरे आकडे यात घातले की दोन फायदे होतात. चौथ्या वर्षाचं बिल अंगावर येत नाही, आणि कोणी आगाऊ पैसे भरून घेण्याचं सर्व्हिस पॅकेज पुढे केलं तर ते स्वस्त की महाग हे पाच मिनिटांत कळतं. असं पॅकेज घेताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : चौथ्या वर्षाची मोठी सर्व्हिस त्यात आहे का, ब्रेक ऑइल आहे का, आणि गाडी विकली तर ते पुढच्या मालकाच्या नावावर जातं का. पॅकेज तीन वर्षांचं असेल तर सगळ्यात महाग वर्ष नेमकं बाहेर राहतं. पॅड आणि टायर सहसा कुठल्याच पॅकेजमध्ये नसतात. उलट फेरारीसारख्या कंपनीने नव्या गाडीला सात वर्षांची नियमित सर्व्हिस किमतीतच धरलेली असते. अशी गाडी जुनी घेताना ती मुदत किती उरलीय हे आधी पाहावं.

इंजिन ऑइल

ऑइल किती लागतं, हे गाडीगणिक खूप बदलतं. माझदा एमएक्स-५ च्या दोन लिटर इंजिनाला फिल्टरसह साडेचार लिटरच्या आत काम भागतं. कॉर्व्हेट सी८ ला सुमारे सात लिटर लागतं, पोर्शे ९११ ला मॉडेलनुसार आठच्या आसपास. डीलर ऑइल लिटरच्या भावाने लावतो, त्यामुळे बिलावर लिटरचा आकडा असलाच पाहिजे. नुसतं ‘इंजिन ऑइल, १ नग’ अशी ओळ आली तर परत करावी. सात लिटरच्या गाडीला आठ लिटर लावलेले असतील तर उरलेलं डब्यात भरून मागावं. वर घालायला ते कामाला येतं.

डब्यावरच्या ०डब्ल्यू-४० या आकड्याने फक्त दाटपणा कळतो. त्याहून महत्त्वाची कंपनीची मान्यता. पोर्शेची ए४०, मर्सिडीजची २२९.५, बीएमडब्ल्यूची एलएल-०१ अशा मान्यता मिळवण्यासाठी ऑइलला त्या-त्या इंजिनांच्या चाचण्यांतून जावं लागतं. ‘ए४० साठी योग्य’ आणि ‘ए४० ची मान्यता असलेलं’ यांत फरक आहे; पहिलं वाक्य ऑइल विकणारा स्वतःच्या भरवशावर लिहितो. काही डीलर ग्राहकाने आणलेलं मान्यतेचं ऑइल वापरायला तयार होतात. बुकिंगच्या वेळीच विचारावं, डबे सीलबंद न्यावेत, आणि बिलावर त्या ऑइलचं नाव, मान्यता आणि लिटर लिहून घ्यावेत. वॉरंटीत असलेल्या गाडीला मात्र हा खटाटोप न करणं बरं. पुढे इंजिनात काही निघालं तर ऑइल कोणाचं होतं यावर वाद घालण्यात वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त जातात.

बऱ्याच वेगवान गाड्यांत ड्राय संप असतो. म्हणजे ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये न साठता वेगळ्या टाकीत राहतं, आणि जोरात वळण घेताना पंप कोरडा पडत नाही. सर्व्हिसच्या दृष्टीने याचा अर्थ एकच : ऑइल एकाहून अधिक जागांतून काढावं लागतं. इंजिनाचा ड्रेन बोल्ट काढला आणि टाकीचा विसरला, तर जुनं ऑइल लिटरभराहून जास्त आत राहतं. वर मॅन्युअलमधलं पूर्ण माप ओतलं की ऑइल जास्त होतं. जास्तीचं ऑइल वाफेच्या वाटेने हवेच्या नळीत शिरतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि हे लांबलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होतो. नवख्या हातून होणारी ही नेहमीची चूक आहे. म्हणून कुठून आणि किती ऑइल काढलं, हा प्रश्न विचारायला लाजू नये.

पातळी मोजण्याची पद्धतही वेगळी. साध्या गाडीत इंजिन बंद करून काडी पाहतात. बऱ्याच ९११ मॉडेलमध्ये इंजिन पूर्ण गरम, गाडी सपाट जमिनीवर आणि इंजिन चालू असताना पातळी पाहायची असते. थंड इंजिनावर घाईने मोजलं की पातळी कमी दिसते, वर अर्धा लिटर घातलं जातं, आणि पुन्हा तीच जास्तीची भानगड. ज्या गाडीत काडीच नाही, पडद्यावर पातळी दिसते, तिथे गाडी ताब्यात घेताना तो पडदा स्वतः उघडून पाहावा.

दोन छोट्या गोष्टी, पण गळती बहुधा यांच्यामुळेच होते. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा हवा. तो दाबला जाऊनच सील करतो आणि एकदा दाबलेला पुन्हा तसा दाबला जात नाही. आणि फिल्टरचं प्लॅस्टिकचं झाकण टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळावं. अनेक गाड्यांत त्याला २५ न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो. लांब पान्याने कचकचून आवळलं की पुढच्या सर्व्हिसला झाकण तडकतं आणि त्याचं बिल आपल्याला येतं.

ब्रेक ऑइल आणि ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी उभी असली तरी. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर प्रमाणाप्रमाणे तो किमान १५५ अंशांवर आलेला चालतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. घाटात किंवा ट्रॅकवर सतत ब्रेक लागले की कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एवढा तापू शकतो की मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून गाडी कमी चालते या कारणाने ब्रेक ऑइल पुढे ढकलू नये. बिल कमी करायला इतर शंभर जागा आहेत.

काम नीट झालं का हे ओळखायला थोडी माहिती हवी. बदलायला साधारण एक लिटर ऑइल लागतं. स्पोर्ट्स कारच्या अनेक पिस्टनच्या फिक्स्ड कॅलिपरला बहुधा दोन निपल (जुनं ऑइल आणि हवा बाहेर सोडण्याचे छोटे बोल्ट) असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. फक्त बाहेरचा उघडला तर आत जुनं ऑइल आणि कधी हवेचा बुडबुडा राहतो, आणि पेडल स्पंजासारखं लागतं. मॅन्युअल गिअरच्या अनेक गाड्यांत क्लचचं ऑइलही याच टाकीतून येतं. तेव्हा क्लचच्या सिलिंडरचा निपलही उघडायचा, हे जॉब कार्डवर लिहून घ्यावं. लिहिलं नाही तर हे काम राहून जातं. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं; ५.१ च्या जागी ते कधीही चालत नाही.

पॅडबाबत टक्केवारी स्वीकारू नये. ‘३० टक्के उरलेत’ म्हणजे कशाचे ३० टक्के? मिलिमीटर मागावेत, चारही चाकांचे, आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा. दोन-तीन मिलिमीटर उरले की बदलायची वेळ झाली. सहा मिलिमीटर असताना कोणी बदला म्हणत असेल तर नम्रपणे नको म्हणावं आणि आकडा वहीत लिहावा. पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिलं की आपले पॅड वर्षाला किती झिजतात ते कळतं. आतला आणि बाहेरचा यांत मोठा फरक असेल तर कॅलिपरचा पिस्टन अडकतोय का ते आधी बघायला सांगावं, नाहीतर नवे पॅडही तसेच झिजतील.

लोखंडी डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्या जाडीच्या वर असलेली, तडे नसलेली डिस्क पॅडसोबत बदलण्याची सक्ती नसते. छिद्रांच्या डिस्कमध्ये छिद्राभोवती केसाएवढे तडे पडू शकतात. ते एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत किंवा कडेपर्यंत गेले तर डिस्क बदलायचीच. कार्बन सिरॅमिक डिस्कचा हिशोब निराळा आहे. ती जाडीपेक्षा वजनाने झिजते, आणि किमान वजन ग्रॅममध्ये तिच्या मधल्या धातूच्या भागावर दिलेलं असतं. तिची किंमत एवढी असते की नुसत्या नजरेने ‘झिजली’ म्हणणं कोणाकडूनही मान्य करू नये. वजन करून आकडा दाखवा असं सांगावं. या डिस्कला सगळ्यात मोठा धोका चाक बसवतानाचा : जड रिम कडेला आपटलं की टवका उडतो. म्हणून चाक लावताना आधी मार्गदर्शक पिन लावाव्यात. टायरच्या साध्या दुकानातही हा आग्रह धरावा.

चाकाच्या बोल्टचा टॉर्क हा हाताच्या अंदाजाचा विषय नव्हे. ९११ च्या ९९१ पिढीत पाच बोल्टच्या चाकाला १६० न्यूटन मीटर लागतात. त्याच पिढीच्या जीटी३ मधल्या एकाच मधल्या नटाला ६००. त्यासाठी वेगळा मोठा टॉर्क रेंच आणि दोन माणसं लागतात. मधल्या नटाच्या गाडीचं ब्रेकचं काम महाग पडण्यात याचाही वाटा असतो.

प्लग, फिल्टर आणि हात न पोचणाऱ्या जागा

प्लगच्या मजुरीचा फरक प्लगच्या किमतीपेक्षा इंजिनाच्या जागेवर अवलंबून असतो. समोर उभं इंजिन असलेल्या गाडीत वरचं आवरण काढलं की कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारे भाग) दिसतात. आडव्या सहा सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनात प्लग दोन्ही बाजूंना असतात. चाकं, उष्णतारोधक पत्रे आणि काही टर्बो मॉडेलमध्ये मागचा बंपरही काढावा लागतो. कॉइलवर केसासारखे तडे पडतात आणि पावसात इंजिन अडखळतं. प्लग बदलताना कॉइल बाहेर आलेलीच असते, तेव्हा प्रत्येकीचा फोटो मागून घ्यावा. खराब असेल ती त्याच वेळी बदलली तर नवी मजुरी लागत नाही.

टायमिंग बेल्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) जुन्या गाड्यांत तर रचनाच सगळं ठरवते. फेरारी एफ३५५ मध्ये बेल्टच्या सर्व्हिससाठी अख्खं इंजिन खाली उतरवतात. पुढच्या ३६० मध्ये सीटच्या मागून झडप उघडून बेल्टपर्यंत हात पोचतो. त्यानंतरच्या एफ४३० ला टायमिंग चेन आली आणि हा खर्चच गेला. जुनी स्पोर्ट्स कार घेताना गाडीच्या किमतीइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा.

एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर ही घरी करण्यासारखी कामं आहेत, जिथे हात पोचतो तिथे. फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहावा. ऑइल लावलेले रेसिंग फिल्टर नियमित वापराच्या गाडीत घालायची गरज नाही. जास्तीचं ऑइल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं तर चेक इंजिनचा दिवा लागतो.

पुढच्या बंपरच्या हवेच्या वाटांत पानं साठतात. ९११ सारख्या गाडीत इंजिन मागे, पण कूलंटचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढे कोपऱ्यात. ओली पानं तिथे कुजली की अ‍ॅल्युमिनियम खातात. वर्षातून एकदा व्हॅक्यूमने साफ करणं फुकट; कंडेन्सर बदलायला बंपर उतरवावा लागतो.

गिअरबॉक्स

ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या ऑइलवर बचत करू नये. ओल्या क्लचच्या प्रकारात हेच ऑइल क्लच थंड करतं आणि त्याचेच कण पोटात घेतं. पातळी ठरावीक तापमानाच्या पट्ट्यात, स्कॅनरवर तापमान बघत, इंजिन चालू ठेवून लावतात. एवढं होत नसेल अशा गॅरेजमध्ये हे काम देऊ नये. फिल्टर वेगळा बदलता येतो का तेही मॅन्युअलमध्ये पाहावं. काही गिअरबॉक्समध्ये त्याचं वेळापत्रक ऑइलहून निराळं असतं.

जॉब कार्डवर सही करताना

बुकिंगच्या फोनवरच आपली यादी वाचून दाखवावी : ‘या वेळी ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल देय आहे. याचं लेखी एस्टिमेट पाठवा, प्रत्येक कामाचे तास, पार्ट नंबर आणि ऑइलचे लिटर वेगळे दाखवून.’ असं एस्टिमेट हातात आलं की तीन रकाने पाडायचे. पहिला : वेळापत्रकानुसार देय. दुसरा : झीज किंवा सुरक्षेमुळे आवश्यक, मोजमापासह. तिसरा : डीलरची शिफारस. तिसऱ्या रकान्यातली बरीचशी कामं सोडता येतात.

त्यांत नेहमी दिसणारी म्हणजे इंजिन फ्लश, इंधनात घालायची बाटली, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचा फवारा, टायरमध्ये नायट्रोजन. मॅन्युअलमध्ये नसेल आणि गाडीत तक्रार नसेल तर गरज नाही. इंजिन फ्लश तर टाळलेलाच बरा. ड्राय संपच्या गाडीत तो पूर्ण बाहेर निघत नाही आणि नव्या ऑइलमध्ये मिसळतो. थेट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर काजळी जमते हे खरं आहे, पण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही. टाकीत ओतलेली बाटली तिथपर्यंत पोचणार कशी?

व्हील अलाइनमेंट दर सर्व्हिसला लागत नाही. टायरची झीज आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यावर मोजावी. स्पोर्ट्स कारला ऋण कँबर (चाकाची वरची कड आत झुकलेली) असल्याने आतली कड थोडी जास्त झिजणं स्वाभाविक. पण फरक झपाट्याने वाढत असेल तर टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय, मग अलाइनमेंट कराच. आतली कड उभ्या माणसाला दिसत नाही, आणि तिथे तारा बाहेर आलेले टायर घेऊन लोक वेगाने गाडी चालवत असतात. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वय सांगतात : ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५वा आठवडा. पोर्शेसाठी बनलेल्या टायरवर एन०, एन१ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूसाठी तारा. चारही टायर एकाच खुणेचे ठेवावेत.

सही करण्याआधी कार्डवर आणखी तीन ओळी हाताने लिहाव्यात : बदललेले सगळे जुने भाग परत द्यावेत, फोनवर मंजुरी घेतल्याशिवाय एकही जादा काम करू नये, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा किती आहे. गाडी उचलण्याच्या जागा कुठे आहेत हेही दाखवून द्यावं. चुकीच्या जागी जॅक लागला की खालचं आवरण किंवा चॅसिसची कड वाकते.

बॅटरीचाही इथे संबंध आहे. आठवडेच्या आठवडे उभ्या गाडीची बॅटरी उतरते, कंट्रोल युनिट चुकीचे एरर कोड साठवतात, आणि डीलर ते शोधण्याचा तासभर लावतो. चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. घरी बॅटरी मेंटेनर लावलेला असेल तर हे बिल येतच नाही.

डीलर की बाहेरचा तज्ज्ञ

वॉरंटी चालू आहे, रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालाय किंवा सॉफ्टवेअर अपडेट आहे, तर डीलर. रिकॉलचं काम मोफत असतं. दर सर्व्हिसला चॅसिस नंबर देऊन काही बाकी आहे का ते तपासून घ्यावं. बाहेर सर्व्हिस केली की वॉरंटी गेलीच, असं सरसकट नसतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने कंपनीला तशी अट घालता येत नाही, आणि युरोपीय संघाच्या स्पर्धा नियमांचाही रोख तोच आहे. पण योग्य ऑइल, योग्य पार्ट आणि बिलं असली पाहिजेत. आपल्या देशातला नियम आणि वॉरंटीच्या पुस्तिकेतली अट दोन्ही वाचावीत.

वॉरंटी संपली की त्याच कंपनीच्या गाड्या करणारा स्वतंत्र तज्ज्ञ बहुधा परवडतो. त्याच्याकडे कंपनीचा स्कॅनर आहे का, डिजिटल सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करता येते का, आणि टॉर्कचे आकडे तो कुठून बघतो, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचं उत्तर ‘अंदाज आहे’ असं आलं तर परत फिरावं. विक्रीच्या वेळी अखंड नोंदींची किंमत मिळते, म्हणून एक मध्यम मार्ग बरा : ऑइल आणि ब्रेकची छोटी कामं तज्ज्ञाकडे, चार वर्षांची मोठी सर्व्हिस डीलरकडे.

गाडी ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी गाडीपाशी जावं, काउंटरवरच थांबू नये. जुना फिल्टर, प्लग, पॅड ओळीने बघावेत. इंजिन गरम असेल तर ऑइलची पातळी सांगितलेल्या पद्धतीने पाहावी. गाडी उभी होती तिथल्या फरशीवर डाग आहे का ते बघावं. खाली वाकून आवरणाचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का ते पाहावं. दोन सुटले असतील तर वेगात आवरण फडफडतं आणि फाटतं. टायरमधली हवा थंड असतानाच्या आकड्याने तपासावी, सर्व्हिसचा इशारा रिसेट झालाय का आणि डिजिटल नोंदीत योग्य किलोमीटर आहेत का ते बघावं. ब्रेकचं पेडल गाडी सुरू करून दाबावं. खोल गेलं किंवा मऊ लागलं तर गाडी तिथून हलवू नये.

मग बिल एस्टिमेटशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडावं. तास वाढले असतील तर का, ऑइलचे लिटर तेवढेच आहेत का, सामाईक वेळ वजा झाला का. पॅड, डिस्क आणि टायरचे मिलिमीटर वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. चाकं काढली असतील तर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासून घ्यावा, ऑइलची पातळी पुन्हा पाहावी, आणि गाडीखाली एक रात्र पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर सर्व्हिस झाली. ओला असेल तर त्याचा फोटो काढून त्याच दिवशी डीलरला फोन करावा.